नंबर लागेपर्यंत

“नंबर लागला का?” जून-जुलैत, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवसांत, इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न इतक्या बाजूंनी येतो, की आई फोन उचलतानाच उत्तर जुळवून ठेवते. पुण्याहून मामा विचारतो, नागपूरहून मावशी विचारते, राजेंद्रनगरात भाजी घेताना जुन्या शेजारीणबाई विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. फक्त त्याच्या डोळ्यांपुढचा नंबर जुन्या काळातला असतो. कॉलेजच्या फलकावर यादी लागायची, बोट फिरवत नाव शोधायचं आणि त्याच संध्याकाळी घरात पेढे यायचे किंवा कुणी फारसं बोलायचं नाही. आता नंबर पाच-सहा फेऱ्यांतून थोडाथोडा सरकत लागतो. पहिल्या फेरीत मिळालेली जागा चौथ्या फेरीत दुसरीच झालेली असते, आणि ज्याला पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच मिळालं नाही त्यालाही पाचवीत मिळू शकतं. म्हणून “लागला का”चं उत्तर महिनाभर “अजून चालू आहे” असंच राहतं, आणि ते सांगताना आईवडिलांचा आवाज उगाच पडतो.

मला वाटतं, या महिन्याचा निम्मा त्रास वाट पाहण्याचा नसतोच. ती कामं असतात. ती वेळेवर दिसली नाहीत म्हणून त्यांची काळजी होऊन बसते. उरलेला निम्मा खराच वाट पाहण्याचा असतो, आणि तो सोसवतो की नाही हे एका गोष्टीवर ठरतं: पसंतीची यादी घरात खरेपणाने लिहिली गेली होती का. हे पुढे सविस्तर येईल. आधी आकडे आणि कागद.

एप्रिलच्या अखेरीस जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा पर्सेंटाइल हातात येतो, दशांशचिन्हापुढे सात आकडे असलेला. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के गुण नव्हेत. आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात ९८ जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला १४ लाख मुलं बसली असं धरलं, तर वरचे दोन टक्के म्हणजे २८ हजार. रँक त्याच्या आसपास येणार. ९९.५ असेल तर सात हजारांच्या आसपास. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की ‘अर्ध्या पर्सेंटाइलने काय होतं’ हे वाक्य घरात कुणी बोलत नाही. जानेवारी आणि एप्रिल अशा दोन्ही वेळा मूल बसलं असेल तर त्यातला चांगला आकडा धरतात.

मेनमधून साधारण अडीच लाख मुलं पुढच्या परीक्षेला, ॲडव्हान्स्डला, पात्र ठरतात. ॲडव्हान्स्डची रँक आयआयटीसाठी लागते. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या इतर तांत्रिक संस्थांना मेनचीच रँक लागते. दोन्ही प्रकारच्या संस्था जोसाच्या, म्हणजे त्यांचं जागावाटप एकत्र करणाऱ्या यंत्रणेच्या, एकाच संकेतस्थळावर, एकाच यादीत भरायच्या असतात. त्यामुळे मेनची रँक आयआयटीच्या तक्त्याशी ताडून बाबा दोन दिवस खूश राहतात, असं पुष्कळ घरांत होतं. मागच्या वर्षीच्या शेवटच्या रँक बघताना चार रकाने एकदम बघावे लागतात. कोटा कुठला, प्रवर्ग कुठला, जागा सर्वांसाठीची की फक्त मुलींसाठीची, आणि फेरी कितवी. मुलींच्या अधिसंख्य म्हणजे जास्तीच्या जागा २०१८ पासून आहेत आणि त्यांची शेवटची रँक वेगळी छापतात. मुलीच्या आईबाबांनी दोन्ही ओळी वाचाव्यात. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल गटाच्या) ओळीत प्रवर्गाची रँक असते, सर्वसाधारण यादीतली नसते. आणि तुलना करायची ती शेवटच्या फेरीशी. पहिल्या फेरीची रँक बघून “आपलं काही होत नाही” असं ठरवणं म्हणजे सकाळचा भाव ऐकून संध्याकाळच्या बाजाराला न जाणं.

आता इंदूरच्या मराठी घरांचा खास घोळ. आयआयटी इंदूर २००९ साली सुरू झाली, सिमरोलला आहे, खंडवा रोडने तासाभरात पोचता येतं. म्हणून आजीला वाटतं की आपल्या गावातल्या मुलाला तिथे काही सवलत असेल. नसते. आयआयटीत राज्याचा कोटाच नाही. सिमरोलची जागा इंदूरच्या मुलाला जेवढी लांब, तेवढीच गुवाहाटीच्या मुलाला. ग्वाल्हेर, जबलपूर, भोपाळच्या ट्रिपल आयटीचंही तेच. राज्याचा कोटा असतो एनआयटीत, आणि तिथे निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना. आपलं एनआयटी म्हणजे भोपाळचं मॅनिट. नागपूरचं व्हीएनआयटी मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर असलं तरी इंदूरहून बारावी झालेल्या मुलासाठी ते ‘इतर राज्य’. भाषा मराठी, आडनाव मराठी, आजोळ विदर्भातलं, यातलं काही मोजलं जात नाही.

इथे राज्य ठरतं ते बारावी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून. मूळ निवासी प्रमाणपत्र त्यात बघत नाहीत. राजस्थानातल्या कोटा शहरात शिकायला पाठवलेल्या मुलाची बारावी तिथल्याच एखाद्या शाळेतून झाली असेल, तर त्याचं घरचं एनआयटी जयपूरचं झालं. भोपाळला तो बाहेरचा. हे बहुतेकांना जूनमध्ये कळतं. कळायला हवं होतं ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी. ज्यांचं धाकटं मूल अजून दहावीत आहे त्यांनी एवढं एक वाक्य लिहून ठेवावं.

पुण्याचे नातेवाईक म्हणतात, “इकडे घेऊन टाका ना, एवढी कॉलेजं आहेत.” दहावी-बारावी इंदूरला आणि आईवडिलांचं डोमिसाइल मध्य प्रदेशाचं असेल, तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात बसता येत नाही. कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागा राहतात, आणि त्या जेईई मेनवर भरतात. तिथे अर्ज जरूर करावा. पण मामाच्या मुलाला ज्या गुणांवर मिळालं त्याच गुणांवर आपल्याला मिळेल हे गृहीत धरू नये. उलट आपल्या राज्याच्या डीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाचं, काउन्सेलिंग (प्रवेशाच्या फेऱ्या) जोसाच्या धावपळीत विसरलं जातं. पार्क रोडवरचं एसजीएसआयटीएस कॉलेज १९५२ सालचं, अहिल्या विद्यापीठाचं आयईटी खंडवा रोडवर. दोन्हींकडे बघण्यात कमीपणा काही नाही आणि मूळ निवासी असण्याचा उपयोग आहे तो इथे. डीटीईत वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळी यादी. पहिल्या नोंदणीची मुदत गेली तर चांगल्या शाखा भरून झाल्यावरच्या फेऱ्या वाट्याला येतात. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्य प्रदेश मंडळाचे ७० टक्के किंवा सीबीएसईचे ८५ टक्के, मेनची रँक दीड लाखाच्या आत आणि उत्पन्नाची अट, एवढं जुळलं तर फी शासन भरतं. यादीत कॉलेजं लिहिताना हा हिशेब शेजारी असावा. चार वर्षांच्या फीचा फरक लहान नसतो.

कागदांचं काम मे महिन्यातच संपवावं, कारण जूनमध्ये लोकसेवा केंद्रावर रांग असते आणि तहसीलमधून प्रमाणपत्र यायला दिवस लागतात. ओबीसी नॉन क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, आणि केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या नोकरीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी काढलेलं जुनं प्रमाणपत्र इथे चालत नाही. जात राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्या यादीतही असेलच असं नाही, तेही तपासावं. जागा मिळाल्यावर हे प्रमाणपत्र नाकारलं गेलं तर प्रवर्ग जातो आणि त्याबरोबर जागाही जाऊ शकते.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. इथल्या शाळांत नाव आणि आडनाव एवढंच लिहून घेतात. मग दहावीच्या अंकसूचीवर एक नाव, आधारवर मधलं नाव घातलेलं दुसरं, आणि बँकेच्या पासबुकावर नुसतं आद्याक्षर. त्यात कुलकर्णी, देशपांडे, खांडेकर यांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी. दहावीची अंकसूची प्रमाण धरावी, अर्ज अक्षरशः तसाच भरावा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं. जागा मिळाल्यावर ही दुरुस्ती करायला वेळ उरत नाही.

तिसरी गोष्ट फोनची. अर्ज भरताना दिलेल्या मोबाइलवरच ओटीपी येतात. तो नंबर कोचिंगच्या वसतिगृहात वापरलेला आणि आता रिचार्ज संपलेला असेल तर ऐन दिवशी सगळं अडतं. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर अर्ज भरणारे तर कधीकधी कियोस्कवाल्याचाच ईमेल देऊन येतात. कियोस्कवर जायला हरकत नाही, तिथली मुलं भराभर काम करतात. पण पासवर्ड आपला, फोन आपला, ईमेल आपला, आणि पसंतीची यादी घरून लिहून नेलेली. “भैया, जो ठीक लगे भर दो” हे वाक्य तिथे कुणी बोलू नये.

आता यादी.

बहुतेक घरांत ती भीतीने भरली जाते. “वर मुंबई लिहिली आणि नाही मिळाली, तर मधलं भोपाळही हातचं जाईल” ही भीती. मग मुलाला मनापासून हवं असलेलं खाली जातं किंवा यादीत येतच नाही, आणि वर येतं ते ‘मिळण्यासारखं’. ही भीती खोटी आहे, आणि ती का खोटी आहे हे पालकांनी समजून घेतलं तर पुढचा महिना फार हलका होतो.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली कॉलेजप्रवेश आणि लग्न जुळवणं हे दोन्ही प्रश्न एकाच लेखात सोडवले. पुढे २०१२ साली शॅप्लींना ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच विषयाच्या कामासाठी. जोसाची पद्धत २०१५ पासून त्याच विचारावर चालते. आपल्या भाषेत सांगायचं तर ती स्थळं सांगून जाण्यासारखी आहे. प्रत्येक मूल आधी आपल्या यादीतल्या पहिल्या स्थळाकडे जातं. समजा तिथे ६० जागा आहेत आणि २०० जण आले. रँकेने पहिले ६० बसवून ठेवतात, पण कुणाला पक्का शब्द देत नाहीत. बाकीच्यांना नकार मिळतो. नकार मिळालेले आपापल्या दुसऱ्या स्थळाकडे जातात. तिथे आधीपासून बसलेल्यांत यांच्यापेक्षा मागच्या रँकेचा कुणी असेल तर तो उठतो आणि याला जागा मिळते. उठलेला त्याच्या पुढच्या स्थळाकडे जातो. असं करत कुणालाच हलायचं उरत नाही तेव्हा फेरी संपते. हे सगळं संगणकात होतं आणि निकाल म्हणून आपल्याला फक्त शेवटचं चित्र दिसतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तुमचं मूल पाचव्या स्थळाकडे पोचतं तेव्हा त्याने आधी चार ठिकाणी नकार घेतलाय याची तिथे कुणी नोंद ठेवत नाही. तिथे बघतात फक्त रँक. ज्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि ज्याने पन्नासाव्या क्रमांकावर लिहिलं, ते दोघं तिथे सारखेच. म्हणजे अशक्य वाटणारी पसंती वर लिहिल्याने खालची एकही शक्यता कमी होत नाही. उलट खरी पसंती खाली ढकलली तर नुकसान होतं, कारण वरचं नको असलेलं मिळालं की संगणक तिथेच थांबतो. मुलाला काय हवं हे त्याला यादीच्या क्रमावरूनच कळतं, दुसरा मार्ग त्याच्यापाशी नाही.

पसंतींच्या संख्येला मर्यादा नाही. तरीही लोक वीस-पंचवीसवर थांबतात, कारण लिहिण्याचा कंटाळा आणि “तिथे थोडाच जाणार आहे” ही प्रौढी. चाळीस हजारांच्या मागची रँक असेल तर शंभर-दीडशे पसंत्या लिहाव्यात. मात्र जिथे खरंच जायचं नाही ते एकही नाव लिहू नये. मिळालं तर ते मिळालंच.

ही यादी कशी लिहायची? एका दुपारी, फोन बाजूला ठेवून, मुलाबरोबर. आधी त्याला एकट्याला लिहू द्यावी. मग आईने आणि बाबांनी आपापली वेगळी लिहावी आणि तिन्ही शेजारी ठेवाव्यात. वाद कुठे आहे ते लगेच दिसतं, आणि तो बहुधा दोनच प्रश्नांवर येऊन ठेपतो. शाखा मोठी की संस्था मोठी, आणि घरापासून किती लांब. लांब एनआयटीत कॉम्प्युटर घ्यायचं की सिमरोलला मेटलर्जी, की भोपाळला इलेक्ट्रिकल? याचं सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही. माझं मत विचाराल तर ज्या मुलाला आपला विषय ठाऊक आहे त्याने शाखा धरावी, आणि ज्याला अजून काहीच ठाऊक नाही त्याने चांगली संस्था धरावी, कारण तिथे बरोबरीची मुलं चांगली भेटतात. पण हे मत मुलाच्या यादीवर लादण्याइतकं मोठं नाही. त्याला विचारायचे प्रश्न साधे असावेत. दुसऱ्या वर्षी कुठले विषय शिकवतात ते बघितलंस का? मेसचं जेवण महिनोन् महिने चालेल का? सुट्टीत घरी यायला किती तास लागतील? अशा प्रश्नांवर मूल बोलतं. “तुला आयुष्यात काय करायचंय” या प्रश्नावर सतरा वर्षांचं मूल भिंतीकडे बघतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

यादी बंद करण्यापूर्वी मॉक म्हणजे सरावाचं वाटप दाखवतात, बहुधा दोनदा. त्यात मिळालेली जागा खरी नसते, पण क्रमाची परीक्षा होते. मॉकमध्ये आलेलं नाव बघून मुलाचा चेहरा पडला तर ते नाव वर चुकीने आलंय. अजून बदलता येतं. मुदत संपली की शेवटचं जतन केलेलं आपोआप बंद होतं, आणि मग सगळ्या फेऱ्यांना तीच यादी चालते. फेऱ्यांच्या मध्ये एक ओळही हलत नाही. बंद झालेल्या यादीची प्रत छापून फाइलमध्ये ठेवावी. पुढे प्रत्येक निर्णयाला ती लागते.

पहिली फेरी. जागा मिळाली नाही, तर काहीही करायचं नसतं. शुल्क नाही, फॉर्म नाही. मूल पुढच्या फेरीत आपोआप असतंच. हे ठाऊक नसल्यामुळे त्या रात्री घरात उगाच अन्न शिळं होतं.

जागा मिळाली तर तीन शब्द येतात. फ्रीज म्हणजे हेच हवं, आता मला हलवू नका. स्लाइड म्हणजे संस्था हीच, पण यादीत वर लिहिलेली इथलीच शाखा मिळाली तर द्या. फ्लोट म्हणजे यादीत याच्या वर जे जे लिहिलंय त्यातलं काहीही मिळालं तर द्या, कुठल्याही संस्थेतलं. पालकांना भीती फ्लोटची वाटते, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे’ ही म्हण आठवते. फ्लोटमध्ये हातचं सुटत नाही. वरचं मिळालं नाही तर आहे ती जागा तशीच राहते. मात्र वरचं मिळालं की जुनी जागा त्याच क्षणी दुसऱ्या कुणाची होते आणि परत मागता येत नाही. म्हणून फ्लोट घेण्याआधी छापलेली यादी काढायची, मिळालेल्या ओळीखाली रेघ मारायची आणि वरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. हे मिळालं तर आनंद होईल? सगळ्या ओळींना होकार आला तर फ्लोट. एखाद्या ओळीला मूल अडखळलं तर तिथे मागच्या महिन्यातली भीती किंवा घाई सापडते. फ्लोटवरून पुढे स्लाइडवर किंवा फ्रीजवर येता येतं, फ्रीजवरून मात्र परत फिरता येत नाही. पहिल्याच फेरीत सुटकेच्या भरात फ्रीज करणं ही मला सगळ्यात हळहळ लावणारी चूक वाटते. एनआयटीतल्या रँक शेवटच्या फेऱ्यांत बऱ्याच सरकतात. एका मुलाने जागा सोडली की ती घेणाऱ्याची जुनी जागा रिकामी होते, मग तिसऱ्याची, चौथ्याची. कुणी डॉक्टरकीला जातो, कुणी खासगी संस्थेत, आणि त्याचा धक्का खालपर्यंत पोचतो.

शुल्क भरलं म्हणजे काम संपलं असं समजू नये. कागद चढवायचे असतात, ते तपासणारा अधिकारी शंका काढतो, आणि ती शंका संकेतस्थळावर येऊन पडते. तिला मुदतीत उत्तर दिलं नाही तर जागा रद्द होते आणि मूल पूर्ण प्रक्रियेबाहेर जातं. त्या तीन-चार दिवसांत सकाळ-संध्याकाळ लॉगिन करावं. घरात एकाने, नेमलेल्या एकानेच. दोघांवर सोपवलेलं काम दोघांकडूनही राहतं. आणखी एक. आयआयटीची जागा स्वीकारली आणि शेवटच्या फेरीआधी रीतसर सोडली नाही, तर पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड देता येत नाही. पुन्हा एक वर्ष अभ्यासाचा विचार असेल तर ही तारीख भिंतीवर लावावी.

याच दिवसांत खासगी कॉलेजांचे फोन सुरू होतात. “आज भरलं तर सीट, उद्याचं सांगता येत नाही.” घाबरलेले बाबा लाख-दीड लाख भरून टाकतात आणि मूळ टीसी, अंकसूचीही देऊन येतात. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत द्यावेत आणि मूळ कागद अडवून ठेवू नयेत, असं एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं म्हणणं आहे. पण पैसे परत यायला महिने लागू शकतात, हे धरून चालावं. मूळ कागद हातचे सोडू नयेत. पावती घ्यावी, परताव्याचा नियम लेखी मागावा. तो लेखी देत नाहीत तिथून उठून यावं.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दिलेल्यांच्या घरांची वाट याहून लांब असते. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय, दोन्हींचं काउन्सेलिंग आलटूनपालटून, आणि कुठल्या फेरीत जागा सोडल्यास अनामत जाते ते त्या वर्षीच्या नियमांतच वाचावं लागतं. इंदूरने तर २०२५ मध्ये आणखी वेगळी वाट पाहिली. ४ मे रोजी ऐन परीक्षेत वादळ आलं, काही केंद्रांवर वीज गेली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं. आधी निकालाला स्थगिती मिळाली, मग काही विद्यार्थ्यांच्या पुनर्परीक्षेचा आदेश झाला आणि पुढे तोही रद्द झाला. त्या मुलांच्या आईवडिलांना कुठलीही यादी, कुठलीही फाइल उपयोगी पडली नसती. अशा वेळी जवळ बसण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि ते करावं.

मुलाचं बोलायचं राहिलं. सकाळी पोहे समोर ठेवताना रँकेचा विषय काढू नये. जिरावन हवं का, सेव हवी का, एवढंच विचारावं. प्रवेशाचं बोलणं दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. रँक नातेवाइकांच्या समूहात टाकण्याआधी त्याला विचारावं, कारण ती त्याची आहे. वाटपाच्या दिवशी पहिल्या मिनिटाला संकेतस्थळ उघडायची गरज नाही. उशिरा उघडल्याने जागा बदलत नाही. पहिल्यांदा त्यालाच बघू द्यावं, आपण मागे उभं राहू नये. आणि मूल जेवेनासं झालं, रात्ररात्र जागं राहू लागलं, “मी नसतो तर तुमचे एवढे पैसे वाचले असते” असलं काही बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नये, रागावूही नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, आईवडिलांनीही लावावा. यादी, फेरी, मुदत सगळं त्या दिवशी बाजूला राहिलं तरी चालतं.

खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर लोक उलटा स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि इच्छा पुरी झाली की सुलटा काढून जातात. या दिवसांत तिथे फाइल हातात धरलेले आईबाप दिसले तर नवल नाही. जरूर जावं. परतताना माळव्यातली रात्र गार झालेली असते, पावसाची पहिली झड येऊन गेलेली असते, चार पावलं चालावंसं वाटतं. मुलालाही बरोबर न्यावं आणि त्याला जे बोलायचं असेल ते बोलू द्यावं, नाहीतर गप्प राहू द्यावं.

आणि मामाचा फोन आला तर सरळ सांगावं: जागा मिळाली आहे, फ्लोटवर आहे, पुढची फेरी बुधवारी. मामा दोनदा विचारेल, फ्लोट म्हणजे काय ते सांगावं लागेल, तेही सांगावं. पलीकडच्या खोलीतून आजी विचारेल, “म्हणजे लागला ना?” तिला हो म्हणावं.